खाणींच्या डोंगरातली जुनी टोपोशीट कशी वाचायची?

५ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात अ‍ॅनिमास नदी नारिंगी झाली. सिल्व्हरटन गावाच्या वरच्या अंगाला गोल्ड किंग नावाची बंद पडलेली सोन्याची खाण आहे. तिच्या तोंडाशी अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेचं काम चालू असताना ढिगाऱ्याचा बूच सुटला आणि आत साठलेलं सुमारे १.१ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी आधी सिमेंट क्रीक या ओढ्यात आणि तिथून अ‍ॅनिमासमध्ये गेलं. फोटो जगभर फिरले आणि त्यापाठोपाठ प्रश्न आला: डोंगराच्या पोटात काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं?

माहीत होतं, पण तुकड्यातुकड्यांत. या सॅन वान पर्वतरांगेत १८७० च्या दशकापासून खोदकाम चालू होतं. छोट्यामोठ्या असंख्य कंपन्या आल्या, बुडाल्या, विकल्या गेल्या आणि त्यांची कागदपत्रं पांगली. अशा वेळी सगळ्यात आधी हाताला लागणारा सलग पुरावा म्हणजे सरकारी भूरूप नकाशा, म्हणजेच टोपोशीट. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने (पुढे नुसतं 'सर्वेक्षण' म्हणू) १८८४ ते २००६ या काळातल्या पावणेदोन लाखांहून जास्त शीट स्कॅन करून मोफत ठेवल्या आहेत. 'टोपोव्ह्यू' या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की त्या भागाच्या सगळ्या आवृत्त्या तारखेनुसार समोर येतात. उतरवून घेणं दोन मिनिटांचं काम आहे. वाचताना मात्र बरेच जण घसरतात.

टोपोशीटवर असतं काय?

समान उंचीच्या जागा जोडणारी रेघ म्हणजे कंटूर किंवा समोच्च रेषा. रेघा दाटीवाटीने आल्या की कडा समजायचा, लांब लांब गेल्या की पठार. दोन लागोपाठच्या रेघांमधल्या उंचीच्या फरकाला कंटूर अंतर म्हणतात आणि ते शीटच्या खालच्या समासात छापलेलं असतं. अमेरिकी शीटवर कंटूर तपकिरी, पाणी निळं आणि माणसाने केलेलं सगळं काळं असतं. जंगलाचा हिरवा रंग पुढच्या काळात आला. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या शीटवर हिरवं काही दिसत नाही म्हणून 'तेव्हा डोंगर उघडेबोडके होते' असं म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट प्रमाण. सिल्व्हरटनची जुनी शीट १:६२,५०० प्रमाणावर आहे, म्हणजे कागदावरचा १ मिमी जमिनीवर ६२.५ मीटर. ही १५ मिनिटांची शीट: अक्षांश आणि रेखांश दोन्हींत पाव अंश, साधारण २८ किमी उंच आणि २२ किमी रुंद. पुढे १:२४,००० प्रमाणाच्या साडेसात मिनिटांच्या शीट आल्या तेव्हा त्याच जागेचे चार भाग झाले: सिल्व्हरटन, हॉवर्ड्सव्हिल, आयर्नटन आणि हँडीज पीक. इथे १ मिमी म्हणजे २४ मीटर.

या आकड्यांचा खाणीशी थेट संबंध आहे. १८७२ च्या अमेरिकी खाण कायद्यानुसार खनिजशिरेवरचा एक दावा, म्हणजे एका खाणवाल्याला मिळणारी पट्टी, जास्तीत जास्त १,५०० × ६०० फुटांची. १:६२,५०० वर ती जेमतेम ७ × ३ मिमी होते. तेवढ्यात बोगदा, इमारत, पायवाट, ओढा आणि नाव, सगळं कोंबायचं. साहजिकच नकाशा काढणारा काही गाळतो आणि उरलेलं थोडं सरकवून बसवतो. इमारतीचा छापील चौकोन पाऊण मिमीचा धरला तरी जमिनीवर त्याची बाजू पंचेचाळीस मीटरच्या पुढे जाते. इतकं मोठं घर तिथे कधीच नव्हतं. खुणेवरून घर तिथे होतं एवढंच समजतं. त्याचा आकार त्यावरून काढू नये.

मोजणी झाली कशी?

१८७३ च्या करारात यूट या इथल्या मूळ रहिवासी लोकांकडून हा भाग काढून घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, हेडन यांच्या नेतृत्वाखालच्या सरकारी मोजणीची, म्हणजे 'हेडन सर्वेक्षणा'ची, तुकडी इथे आली. ए. डी. विल्सन आणि फ्रँकलिन रोडा शिखरांवर चढून कोन मोजत होते. उंची बऱ्याच अंशी हवेच्या दाबावरून काढायची, म्हणजे वादळ आलं की आकडा हलला. १८७७ साली निघालेल्या कोलोरॅडोच्या त्यांच्या अ‍ॅटलासात प्रमाण होतं इंचाला ४ मैल. डोंगररांगा आणि खोरी समजायला उत्तम. एखादी खाण शोधायला मात्र निरुपयोगी, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

खरी कामाची शीट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तयार झाली. इथला भूगर्भ नकाशात उतरवायचा तर आधी खालचा पाया, म्हणजे डोंगरउतार नीट हवेत. म्हणून प्लेन टेबलने मोजणी झाली. तीन पायांवरचा सपाट फळा, त्यावर ताणलेला कागद आणि वर दुर्बीण बसवलेली पट्टी. एका जागेवरून शिखराकडे नेम धरून रेघ मारायची, दुसऱ्या जागेवरून पुन्हा मारायची. दोन रेघा जिथे कापतात ते शिखर. असे मोजलेले ठिपके एका डोंगरावर मोजकेच असत. मधले कंटूर मोजणीदार समोरचा डोंगर बघत हाताने काढायचा. काम मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये, बाकी वर्ष बर्फ. याच पायावर सिल्व्हरटनचा भूगर्भीय नकाशासंच १९०५ साली छापला गेला.

ही पद्धत कळली की चुका कुठे असतील याचा अंदाज येतो. शिखरं आणि ओढ्यांचे संगम बहुधा बरोबर असतात. समोरून न दिसणाऱ्या घळी, उत्तरेच्या सावलीतले कोपरे आणि खिंडीपलीकडची बाजू अंदाजपंचे. शिवाय कंटूर अंतर १०० फुटांचं असेल तर तीस मीटरचा सरळसोट कडा दोन रेघांच्या मध्ये अख्खा गडप होऊ शकतो. जुन्या शीटवरची खाणीची पायवाट पाहून चढाई ठरवणाऱ्यांना हाच कडा आडवा येतो.

साडेसात मिनिटांच्या, १९५५ च्या शीट हवाई छायाचित्रांच्या जोड्यांवरून काढल्या. तोवर अचूकतेचे नियम ठरले होते. ठळक बिंदूंपैकी नव्वद टक्के बिंदू कागदावर पन्नासांश इंचाच्या आत हवेत, म्हणजे १:२४,००० वर ४० फूट, सुमारे १२ मीटर. उंचीची चूक कंटूर अंतराच्या निम्म्याहून जास्त नको, हेही नव्वद टक्क्यांपुरतंच. उरलेल्या दहा टक्क्यांत काय आहे हे नियम सांगत नाही. आणि अशा डोंगरात नेमक्या त्याच जागा अवघड असतात.

आधी समास, मग नकाशा

नवखा माणूस थेट मधलं चित्र बघतो. जाणकार आधी कडेचा मजकूर वाचतो, कारण एका शीटवर तीन-चार वेगळ्या तारखा असतात. मोजणीचं साल, आवृत्तीचं साल, पुनर्मुद्रणाचं साल आणि कधी कधी दुरुस्तीचं साल. मोजणी शतकाच्या आरंभीची आणि छपाई तीस वर्षांनंतरची असं सर्रास आढळतं. अशा शीटवरून 'त्या वर्षी ही खाण चालू होती' असं लिहिणारे लेख कमी नाहीत. सातबाऱ्यावरचं आजचं नाव बघून जमिनीचा इतिहास कळत नाही, फेरफार काढावे लागतात. तसंच इथे एका शीटवर थांबायचं नाही, सगळ्या आवृत्त्या ओळीने लावायच्या.

तारखेची शंका असेल तर रेल्वे बघा. सिल्व्हरटनला मुख्य रेल्वे १८८२ मध्ये आली. तिथून वर ग्लॅडस्टनकडे जाणारी छोटी लाइन १८९९ ची, आणि अ‍ॅनिमास फोर्क्सपर्यंत रूळ पोहोचले १९०४ मध्ये. शीटवर ग्लॅडस्टनची लाइन आहे पण अ‍ॅनिमास फोर्क्सची नाही, तर जमिनीवरची पाहणी कधीची हे पाच वर्षांच्या टप्प्यात सापडतं, मग समासात छपाईचं साल काहीही असो.

जांभळा रंग दिसला तर सावध. नंतरच्या काळात नव्या हवाई छायाचित्रांवरून जी भर घातली ती जांभळ्यात छापली जायची आणि ती जागेवर जाऊन तपासलेली नसे.

समासात चुंबकीय उत्तरेचा बाणही असतो. १९५५ च्या सुमाराला या भागात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे १४ अंश पूर्वेकडे होती. आता ती ९ अंशांच्या आसपास आली आहे. जुना आकडा धरून चाललात तर पाच अंशांची चूक होते, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ८७ मीटर बाजूला. धुक्यात, कड्याच्या काठाने जाताना एवढं पुरे होतं.

आणि डेटम. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश आणि उंची कुठल्या पायावरून मोजायची याचा ठराव. १९५५ च्या शीट १९२७ च्या ठरावावर आहेत, तुमच्या फोनचं जीपीएस नव्या ठरावावर. शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच फोनमध्ये टाकले तर या भागात पन्नासेक मीटर चुकाल. अक्षांश-रेखांशांऐवजी यूटीएम जाळीचे (नकाशावरच्या मीटरमधल्या चौकोनी जाळीचे) आकडे टाकले तर उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे २०० मीटर. उंचीचंही तेच. याच रांगेतल्या माउंट स्नेफेल्स शिखराची उंची जुन्या यादीत १४,१५० फूट आणि नंतरच्या यादीत १४,१५८. डोंगर वाढलेला नाही, मोजायची शून्य पातळी बदलली.

खाणीच्या खुणा ओळखायच्या कशा?

साडेसात मिनिटांच्या शीटवर खुणा ठरलेल्या आहेत. एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन कुदळी म्हणजे खुली खाण किंवा दगडखाण. अर्धा काळा, अर्धा पांढरा चौकोन म्हणजे शाफ्ट, सरळ खाली उतरणारी खाण. इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण म्हणजे डोंगरात आडवा शिरणारा बोगदा. साधी फुली म्हणजे चाचणीचा खड्डा: कुणीतरी खणून पाहिलं, बहुतेकदा काही निघालं नाही. सिल्व्हरटनच्या आसपास फुल्यांचा नुसता सडा आहे. शिळी म्हणून त्या सोडून देऊ नका. खनिजशीर कुठल्या दिशेने जाते याचा अंदाज फुल्यांच्या रांगेवरून येतो, आणि उघडा खड्डा आजही पाय मोडू शकतो.

खुणांपेक्षा बोलका पुरावा कधी कधी रेघेत असतो. डोंगरउतारावरून सरळ रेघ खाली आली आहे आणि तिच्यावर ट्रामवे लिहिलं आहे, तर ती तारेवरची पाळण्यांची वाहतूक. वरचं टोक म्हणजे खाण. खालचं टोक म्हणजे खनिज दळून धातू वेगळा करणारी गिरणी. आणि गिरणी आली की तिच्याखाली टेलिंग्ज, दळून उरलेला बारीक चोथा. धातू आणि गंधक त्यातच उरतं. १९३० च्या दशकापर्यंत हा चोथा अनेकदा सरळ नदीत सोडला जायचा, त्यामुळे नकाशावर त्याचा ढीग दिसत नाही. ट्रामची रेघ आणि गिरणीचा चौकोन मात्र दिसतो. प्रदूषण शोधणाऱ्याने म्हणूनच खाणीच्या खुणेइतकंच लक्ष रेघेच्या खालच्या टोकाकडे द्यावं.

'लोकेशन मॉन्युमेंट' किंवा 'मिनरल मॉन्युमेंट' लिहिलेला बिंदू सापडला तर तो टिपून ठेवा. अशा दुर्गम डोंगरात जमिनीच्या चौकटी आखल्याच गेल्या नव्हत्या, म्हणून खाणींचे दावे या दगडांपासून कोन आणि अंतर मोजून बांधले जात. जुना दावा-नकाशा टोपोशीटवर बसवायचा तर सगळ्यात पक्का खुंटा हाच.

खूण नाही म्हणजे खाण नाही?

नाही. ही समजूत सगळ्यात महागात पडते. मोजणीच्या वेळी बंद असलेली खाण बऱ्याचदा गाळली जायची. दरड आली, हिमकडा कोसळला, बोगद्याचं तोंड बुजलं, तर हवाई छायाचित्रात ते दिसणार नाही. एकाच शिरेवर पाच बोगदे असतील तर कागदावर एकच मावतो. उलट बाजूनेही फसगत होते. आधीच्या शीटवरून नव्या शीटवर नक्कल झालेली खूण जागेवर दशकानुदशकं नसते.

सर्वेक्षणाने स्वतःच्या जुन्या शीटवरच्या खाणींच्या खुणा एकेक करून डिजिटल नोंदीत आणण्याचं मोठं काम पश्चिमेकडच्या राज्यांपासून हाती घेतलं. त्या नोंदीतही प्रत्येक बिंदूबरोबर तो कुठल्या शीटवरून घेतला ते नमूद असतं. तुम्हीही तसंच करा. बिंदूबरोबर शीटचं नाव आणि मोजणीचं साल लिहिलेलं नसेल तर तो बिंदू वापरू नये.

दोन शीट एकमेकींवर ठेवताना

जिओटिफ प्रकारची फाइल उतरवा. साध्या जेपीजीमध्ये जागेची माहिती नसते. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर उघडून खाली आजचं उपग्रह चित्र ठेवा, वर जुनी शीट अर्धी पारदर्शक करून. लगेच खाणी शोधायला लागू नका. आधी पाच-सहा पक्क्या जागा तपासा, जसं शिखर, खडकातून जाणाऱ्या ओढ्यांचा संगम, खिंडीचा मध्य. रस्ते आणि तळ्यांचे काठ यासाठी धरू नका, ते बदलतात.

आता फरक बघा. सगळ्या जागा एकाच दिशेने आणि सारख्याच सरकलेल्या असतील तर डेटमची गडबड आहे, ती सेटिंगमध्ये सुटते. एका कोपऱ्याकडे फरक वाढत गेला असेल तर कागद आकसला आहे किंवा स्कॅन तिरकं आहे. प्रत्येक जागा वेगळ्या दिशेला गेली असेल तर ती मूळ मोजणीतली चूक आणि ती कशानेही सुटत नाही. १:६२,५०० च्या शीटवर शंभर मीटरचा फरक आला तरी गांगरू नका. फक्त त्यावरून 'बोगदा इथे पन्नास मीटर आत आहे' असलं काही लिहू नका.

हे जमलं की आवृत्त्यांमधला फरक हाच खरा मजकूर होतो. सिल्व्हरटनच्या वर लेक एमा नावाचं तळं जुन्या शीटवर निळ्या रंगात आहे. आजच्या चित्रात तिथे तळं नाही. ४ जून १९७८ ला सनीसाइड खाणीचं खालून वर चढत गेलेलं काम तळ्याच्या तळाला भिडलं. अख्खं तळं चिखलासकट खाणीत उतरलं आणि सुमारे दोन मैलांवर ग्लॅडस्टनला, अमेरिकन टनेल या बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडलं. रविवार होता, आत कुणी नव्हतं. इथे कंटूर जवळपास तेच आहेत आणि निळा ठिपका तेवढा गेला आहे. आपोआप तुलना करणारा प्रोग्रॅम याला सहज 'वाळलेलं तळं' ठरवील.

गूगल अर्थ असताना हे कशाला?

उपग्रह आज जे दिसतं ते दाखवतो. पडलेली गिरणी, उखडलेले रूळ, गवत उगवलेला ढीग त्याला ओळखू येत नाही, आणि नावं तर मुळीच नाहीत. ओढ्याचं, खाणीचं, ओसाड पडलेल्या वस्तीचं नाव हाती लागलं की पुढची कागदपत्रं शोधता येतात. लेसरने झाडीखालची जमीन मोजणारं नवं तंत्र खड्डे आणि ढीग सुरेख दाखवतं, तरी तो ढीग कुठल्या खाणीचा आणि कुठल्या काळातला हे जुन्या शीटलाच विचारावं लागतं.

मग गोल्ड किंगची फूट टळली असती का?

नकाशा बघून नसती टळली. टोपोशीट पृष्ठभाग दाखवते. आतले बोगदे किती लांब, कुठे एकमेकांना मिळतात, पाणी किती उंचीपर्यंत चढलंय, यातलं काहीच तिच्यावर नसतं. त्यासाठी खाणीचे स्वतःचे आतले नकाशे लागतात आणि तेही कधी कधी अपुरे असतात. २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वीक्रीक कोळसा खाणीत कामगारांनी शेजारच्या सोडलेल्या खाणीची भिंत फोडली, कारण त्या जुन्या खाणीचा शेवटचा नकाशा त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता. पाणी आत घुसलं. अडकलेले नऊही जण तीन दिवसांहून जास्त काळानंतर जिवंत निघाले.

गोल्ड किंगच्या बाबतीत नंतर झालेल्या तांत्रिक तपासणीने बोट ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीवर: आत पाण्याचा दाब किती आहे हे भोक पाडून आधी मोजलं नव्हतं. शेजारच्या सनीसाइड खाणीच्या बोगद्यांना बुचं बसवल्यावर डोंगरातली पाण्याची पातळी वर चढली होती, आणि ही माहिती कुठल्याही वयाच्या टोपोशीटवर मिळणार नाही. शीटचा उपयोग त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला आहे: कुठे कुठे बघायचं याची यादी करायला. २०१६ मध्ये हा भाग बोनिटा पीक खाण क्षेत्र म्हणून सरकारी साफसफाईच्या यादीत गेला. त्यात एकूण ४८ जागा आहेत.

गोव्याच्या खाणींना हे लागू होतं का?

पद्धत लागू होते, चित्र उलटं आहे. गोव्यातलं लोहखनिज खुल्या खाणीतून निघतं. डोंगराचा माथाच जातो आणि शेजारी डम्प, म्हणजे खणून टाकलेल्या मातीदगडांचा ढीग, उभा राहतो. त्यामुळे इथे कंटूर खरोखर बदलतात आणि टोपोशीट जास्त कामाची ठरते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकात डिचोलीकडचा भाग ४८ ई मध्ये आणि सांगेकडचा ४८ आय मध्ये येतो. २०१७ मध्ये विभागाने 'नक्शे' पोर्टलवर १:५०,००० च्या नव्या शीट पीडीएफमध्ये मोफत उपलब्ध केल्या.

अडचणी तीन. जुन्या शीट इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०, आणि उंची फुटांत. नव्या १:५०,००० आणि कंटूर अंतर २० मीटर. रेघेला रेघ जुळवायला जाऊ नका, दोन्हींवरून उंचीचे पृष्ठभाग तयार करून मग वजाबाकी करा. दुसरं, जुना डेटम 'एव्हरेस्ट' नावाचा आणि नवा 'डब्ल्यूजीएस ८४', जो जीपीएसही वापरतं. तसंच ठेवलं तर गोव्यात शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. एका बाजूला खोटी खाण आणि दुसऱ्या बाजूला खोटा डम्प दिसू लागतो. तिसरं, पंधरा मीटर उंचीचा डम्प वीस मीटरच्या दोन रेघांमध्ये बसला तर उमटतच नाही. खड्डा ओळखायचा तर आतल्या बाजूला बारीक दाते असलेली बंद रेघ शोधा. दाते नसलेली बंद रेघ म्हणजे टेकडी, आणि पीडीएफ छोटी करून पाहिली तर हे दाते सगळ्यात आधी नाहीसे होतात.